सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि भेदभावाचा कायदा : एका निकालाची धम्मदृष्टीने समीक्षा

आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचा अधिकार माणसास असावा काय, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर होकारार्थीच येईल. जात, धर्म वा लिंग पाहून कोणाची अडवणूक होऊ नये, या तत्त्वासही आज उघड विरोध करणारे थोडेच. अडचण उद्भवते ती ही दोन तत्त्वे एकाच दारात समोरासमोर येतात तेव्हा. घरमालक म्हणतो, "या माणसास घर देणे माझ्या श्रद्धेत बसत नाही." घर शोधणारा म्हणतो, "माझे आडनाव ऐकून दार लावण्याचा तुम्हांला अधिकार नाही." दोघेही आपापल्या परीने स्वातंत्र्याचीच भाषा बोलत असतात. कायद्याने यांपैकी कोणाचे ऐकावे, हा या लेखाचा विषय आहे.

बौद्धांस हा प्रश्न दुरून पाहता येण्याजोगा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो स्त्रीपुरुषांनी जो धर्म स्वीकारला, तो स्वीकारण्याचा अधिकार त्यांना संविधानाच्या कलम २५ मधील सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याने दिलेला होता. तेव्हा सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य हा आमच्या दृष्टीने फुकाचा युक्तिवाद नव्हे. आमच्या धर्मांतराचा तो कायदेशीर पाया आहे. परंतु त्याच संविधानाच्या कलम १५ व १७ ने आम्हांस पाणवठा, दुकान, उपाहारगृह आणि रस्ता खुला केला. आम्ही या दोन्ही पायांवर उभे आहोत. एक पाय कापून दुसऱ्यावर उभे राहण्याचा सल्ला आम्हांस मान्य होणार नाही. म्हणून या दोहोंमधील सीमारेषा नेमकी कोठे आखावी, याचा विचार आम्हांलाच सर्वांत काळजीपूर्वक करावा लागतो. ही रेषा चुकीच्या जागी आखणारा एक महत्त्वाचा निकाल आम्ही येथे परीक्षणासाठी घेतला आहे.

निकाल आणि त्याची भूमिका

गुजरातेतील 'झोरोॲस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी' ही संस्था १९२५ च्या मुंबई सहकारी संस्था कायद्याखाली १९२६ साली नोंदली गेली. तिच्या उपविधीनुसार सभासदत्व केवळ पारशी व्यक्तीस मिळू शकते. संस्थेच्या एका पारशी सभासदास आपली मालमत्ता समाजाबाहेरील खरेदीदारास विकावयाची होती. संस्थेने हरकत घेतली. गुजरात उच्च न्यायालयाने उपविधीतील हे बंधन मालमत्तेच्या हस्तांतरावरील अनुचित निर्बंध मानले. १५ एप्रिल २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरविला आणि उपविधी कायम ठेवला.

न्यायालयाच्या विवेचनाचा सारांश तीन मुद्द्यांत सांगता येईल. पहिला, मूलभूत हक्क हे मुख्यतः शासनाविरुद्ध वापरावयाचे असून सहकारी संस्था म्हणजे शासन नव्हे. दुसरा, संघ स्थापन करण्याचे स्वातंत्र्य कलम १९ ने दिले आहे. ज्यांनी स्वेच्छेने एकत्र यावयाचे ठरविले, त्यांनी कोणाबरोबर एकत्र यावे हे तेच ठरवितील, आणि संस्थेचे नियम मान्य करून जो सभासद झाला तो त्या नियमांनी बांधला जातो. तिसरा, सार्वजनिक धोरणाचा शोध सहकार कायद्याच्या चौकटीतच घेतला पाहिजे. धर्म वा लिंग यांवर आधारित भेदभाव दूर करणे हे संविधानाचे ध्येय आहे खरे, परंतु ते गाठण्याचे काम विधिमंडळाचे आहे.

या भूमिकेमागील जी भावना आहे तिच्याविषयी प्रथम न्यायाने बोलले पाहिजे. पारशी समाज संख्येने अत्यंत लहान आहे आणि ती संख्या घटत आहे. आपली वस्ती, आपली अग्निमंदिरे आणि आपले रीतिरिवाज एकत्र राहिल्याने टिकतील, असे त्यास वाटले तर त्यात द्वेष शोधणे अन्यायाचे होईल. न्यायालयानेही भेदभाव चांगला आहे असे कोठे म्हटलेले नाही. परंतु न्यायालयाचा निकाल केवळ एका लहान समाजापुरता राहत नाही. जी सनद पारशी संस्थेस मिळाली, तीच उद्या कोणतीही जात, कोणताही पंथ आपल्या इमारतीसाठी मागू शकतो. ज्यांच्यापाशी भूखंड, भांडवल आणि संख्या आहे त्यांच्या हाती ही सनद गेली म्हणजे तिचे स्वरूप पालटते. अल्पसंख्य समाजाची ढाल ही बहुसंख्यांच्या हाती कुलूप होते.

'खाजगी' या शब्दाचा इतिहास

शासन भेदभाव करणार नाही, खाजगी व्यक्तीने केला तर संविधानाचा संबंध नाही, हा युक्तिवाद नवा नाही. १८७५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने नागरी हक्कांचा एक कायदा करून उतारगृहे, सार्वजनिक वाहने आणि नाट्यगृहे सर्व वंशांच्या लोकांस खुली केली. १८८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. कारण असे दिले की, चौदावी घटनादुरुस्ती राज्यांस बांधते, खाजगी मालकांस नव्हे. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. त्यानंतर उतारगृहाचे दार कायद्याने पुन्हा उघडण्यास १९६४ साल उजाडावे लागले. मधल्या ऐंशी वर्षांत 'खाजगी' या एका शब्दाने किती माणसांस रात्री रस्त्यावर काढले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा इतिहास ठाऊक होता. १९३०-३१ च्या गोलमेज परिषदेत त्यांनी रावबहादूर आर. श्रीनिवासन यांच्यासह अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना सादर केली, तीत उतारगृहे, रस्ते, विहिरी आणि वाहने यांचा समान उपभोग नाकारणाऱ्यास शिक्षा व्हावी, आणि सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरावा, अशी मागणी होती. या मागणीसाठी त्यांनी आधार घेतला तो अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा. म्हणजे जो कायदा अमेरिकेच्या न्यायालयाने मोडीत काढला होता, त्याचेच तत्त्व बाबासाहेबांनी उचलले. पुढे संविधानात ते साध्या कायद्याच्या पातळीवर न ठेवता मूलभूत हक्कांत गेले. कलम १५ चे दुसरे उपकलम दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेशाविषयी बोलते. तेथे 'शासनाने भेदभाव करू नये' अशी शब्दयोजना नाही. कोणत्याही नागरिकावर असे निर्बंध येता कामा नयेत, असे ते म्हणते. कलम १७ तर अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई करते, मग पाळणारा शासकीय असो वा खाजगी.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. 'दुकान' या शब्दात धोब्याचे व न्हाव्याचे दुकान येते काय, असा प्रश्न सभासदांनी विचारला. डॉक्टर व वकील यांच्याविषयीही पृच्छा झाली. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, जो कोणी आपली सेवा मागावयास येणाऱ्या कोणासही देण्यास तयार होऊन बसतो, त्याची ती जागा म्हणजे दुकान. आणि या तरतुदीचा अर्थ नुसता आत पाऊल टाकू देणे एवढाच नसून अटी मान्य असतील तर सेवा मिळणे हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या एका पीठाने २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात या उत्तराचा आधार घेतला आणि खाजगी शिक्षणसंस्थाही या उपकलमाच्या कक्षेत येतात असे ठरविले. २००५ च्या निकालात मात्र ही दिशा घेतली गेली नाही. मूलभूत हक्क केवळ शासनाविरुद्ध, हे १८८३ चे सूत्र तेथे जवळजवळ जसेच्या तसे परत आले. आमच्या मते निकालाचा हा सर्वांत दुबळा भाग होय.

बाबासाहेबांना पुस्तकी आधाराची गरजही नव्हती. १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेल्यावर ते एका पारशी उतारगृहात राहिले आणि ओळख उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याच प्रसंगाचा पुढचा भाग मात्र पुरेसा ध्यानी घेतला जात नाही. बाबासाहेबांनी त्या दिवशी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीशी बोलावे लागेल असे सांगितले. दोघांनीही आपण स्वतः अस्पृश्यता मानतो असे म्हटले नाही. दोघांनीही दुसऱ्याच्या भावनेकडे बोट दाखविले. आजचा घरमालकही "मला काही नाही हो, पण सोसायटीचे लोक" असेच म्हणतो. ज्याला श्रद्धेचे स्वातंत्र्य म्हटले जाते, ते अनेकदा अशा उसन्या श्रद्धेचे स्वातंत्र्य असते.

निवड नेमकी कोणाची?

निवडीच्या स्वातंत्र्याचा गौरव करणाऱ्या या निकालात एक विसंगती आहे. येथे दार ठोठावणारा कोणी परका नव्हता. ज्याची निवड नाकारली गेली तो पारशीच होता, संस्थेचा सभासद होता, आणि आपली मालमत्ता कोणास विकावी हे ठरवू पाहत होता. म्हणजे संघाच्या स्वातंत्र्याने व्यक्तीचे स्वातंत्र्य गिळले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की, या मसुद्याने खेडे हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला आहे. ज्या संविधानाचा घटक व्यक्ती आहे, त्यात समूहाच्या नियमास व्यक्तीच्या निवडीवर एवढे वर्चस्व कसे मिळते, या प्रश्नाचे उत्तर निकालात समाधानकारक मिळत नाही.

सहकाराच्या तत्त्वाचेही तसेच. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ साली मँचेस्टर येथे स्वीकारलेल्या निवेदनात सहकाराचे पहिलेच तत्त्व लिंग, सामाजिक स्थान, वंश, राजकारण वा धर्म यांचा भेद न करता सर्वांस खुले असलेले ऐच्छिक सभासदत्व हे सांगितले आहे. आपल्या सहकार कायद्यांतही 'खुले सभासदत्व' या शीर्षकाचे कलम आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यात ते तेविसावे आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र व्यक्तीस सभासदत्व नाकारू नये, असे ते सांगते. परंतु पात्रता कायद्याप्रमाणे व उपविधीप्रमाणे ठरते, आणि उपविधीत धर्म लिहिला असेल तर परका मुळातच अपात्र ठरतो. उघडे दार असे शीर्षक द्यावे आणि उंबऱ्यावर भिंत बांधावी, असा हा प्रकार आहे. शिवाय सहकारी संस्था म्हणजे चार मित्रांचा कट्टा नव्हे. तिला नोंदणी कायदा देतो, कायदेशीर व्यक्तित्व कायदा देतो, तिच्या उपविधींस बळ निबंधकाची मान्यता देते. सार्वजनिक बळ घ्यावयाचे आणि जबाबदारी मात्र खाजगी म्हणून टाळावयाची, हे न्यायाचे वाटत नाही.

गटाची नीती आणि शील

येथवर आम्ही कायद्याच्या भाषेत बोललो. आता धम्माच्या कसोटीकडे वळू.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नीती पवित्र व सार्वत्रिक का असली पाहिजे याची मीमांसा केली आहे. तिचा आशय असा की, नुसती नीती पुरेशी नसते. चोरांमध्येही आपसांत नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातभाईंत असते. पण ही नीती गटाच्या हिताचे रक्षण करते आणि गटाबाहेरच्या माणसाशी तुटकपणे वागावयास शिकविते. म्हणून ती समाजविरोधी होते. आमच्या मते प्रस्तुत निकालाचे खरे परीक्षण याच कसोटीवर करावे लागते. न्यायालयाने ज्यास संघाचे स्वातंत्र्य म्हणून संरक्षण दिले, ते बाबासाहेबांच्या परिभाषेत गटाची नीती होय. तिला सदसद्विवेकाचा मान देता येत नाही.

सदसद्विवेक कोणाचा असतो? व्यक्तीचा. आपण पंचशील ग्रहण करताना जे क्रियापद उच्चारतो ते 'समादियामि' हे आहे. ते प्रथमपुरुषी एकवचनी आहे. मी ग्रहण करतो. मी हिंसा करणार नाही, मी मद्य घेणार नाही. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञाही 'मी' नेच बोलतात. शेजाऱ्याने काय खावे, कोणाची पूजा करावी, याविषयी शील काहीही सांगत नाही. शील स्वतःस बांधते. जी नैतिक श्रद्धा बोलणाऱ्यास न बांधता समोरच्यासच बांधू पाहते, तिला धम्माच्या अर्थाने शील म्हणता येणार नाही.

माल नाकारणे आणि माणूस नाकारणे

यावरून एक व्यवहार्य कसोटी मिळते. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, सजीवांचा, मांसाचा, मद्याचा व विषाचा. ही यादी मालाची आहे, गिऱ्हाइकांची नाही. काय विकू नये हे तथागतांनी सांगितले. अमक्यास विकू नये असे सांगितले नाही. मद्य न विकणारा उपासक ते क्षत्रियासही विकत नाही आणि चांडाळासही विकत नाही. तो तांदूळ विकत असेल तर मात्र तो दोघांसही सारखाच विकेल.

बेलफास्ट येथील एका बेकरीच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १० ऑक्टोबर २०१८ रोजी जवळपास हीच रेषा आखली. समलिंगी विवाहास पाठिंबा देणारी घोषणा केकवर लिहिण्यास ख्रिस्ती मालकांनी नकार दिला होता. लेडी हेल यांच्या निकालाचा गाभा असा की, ती घोषणा लिहिण्यास मालकांनी कोणासही नकार दिला असता, आणि त्याच गिऱ्हाइकास दुसरा केक विकला असता. म्हणून नकार संदेशास होता, माणसास नव्हता. हा निष्कर्ष कोणास आवडो न आवडो, त्यातील कसोटी विचारात घेण्याजोगी आहे. याउलट १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर दक्षिण कॅरोलिनातील एका उपाहारगृहमालकाने कृष्णवर्णीयांस जेवू घालणे हे ईश्वरी इच्छेविरुद्ध आहे असा बचाव केला होता. पदार्थ तोच, खाणारा वेगळा. न्यायालयाने तो बचाव पोकळ ठरविला, आणि योग्यच केले.

ही रेषा पुसट कशी होते याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. ३० जून २०२३ रोजी '३०३ क्रिएटिव्ह' या खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा मतांनी असा निर्णय झाला की, विवाहाची संकेतस्थळे तयार करणाऱ्या व्यावसायिकेस समलिंगी विवाहासाठी ते काम करण्याची सक्ती करता येत नाही, कारण तिचे काम म्हणजे अभिव्यक्ती आहे. येथे घोषणा कोणती हा प्रश्न मागे पडला आणि विवाह कोणाचा हा पुढे आला. शब्दांशी व चित्रांशी संबंध असलेला प्रत्येक धंदा यामुळे सूट मागू शकेल. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी भिन्नमतात व्यक्त केलेली चिंता आम्हांस सार्थ वाटते. समलिंगी व्यक्तींविषयी वाचकाचे मत काहीही असो. कसोटी माणूस पाहून बदलू लागली की ती कसोटी राहत नाही.

आता आपल्याकडील 'शाकाहारी सोसायटी'चा प्रश्न घेऊ. वरवर पाहता येथेही माणूस नाकारला जात नाही, मांस नाकारले जाते. पण दोन प्रश्न विचारून पाहावेत. पहिला, जन्मभर मांसाला न शिवलेला बौद्ध घर मागावयास गेला तर त्यास ते मिळते काय? दलाल आहार विचारण्यापूर्वी आडनाव विचारीत असेल, तर नकार आहारास नाही हे उघड आहे. दुसरा, समजा त्यास मिळाले; तरी बंधन कोणाच्या स्वयंपाकघरावर आहे? स्वतःच्या खानावळीत मांस न शिजविणे हे शील झाले. शेजाऱ्याच्या चुलीवर पहारा ठेवणे हे शील नव्हे. स्वच्छतेचे, दुर्गंधीचे, कचऱ्याचे नियम सर्वांस सारखे असावेत. त्यांस कोणाचाही विरोध असू नये.

आपल्या घरची तपासणी

दुसऱ्याच्या दाराची समीक्षा करताना स्वतःचे दार तपासणे आवश्यक आहे. एका बौद्ध छापखानदाराचा विचार करू. त्याच्याकडे गणपतीचे चित्र असलेली लग्नपत्रिका छापावयास येते. त्याने प्रतिज्ञा घेतली आहे. त्याने काय करावे? छापणे म्हणजे उपासना नव्हे, असे आमचे मत आहे. परंतु त्याच्या मनास ते पटत नसेल तर ते चित्र न छापण्याचा त्यास अधिकार आहे. अट एवढीच की, त्याने ते स्वतःच्या मेव्हण्यासही छापून देऊ नये. आणि चित्र वगळून पत्रिका छापून मागणाऱ्या गिऱ्हाइकास, ते कोणत्याही जातीचे असो, परत पाठवू नये.

मज्झिम निकायातील उपाली गृहपतीची कथा येथे मार्गदर्शक आहे. निगंठांचा हा प्रसिद्ध उपासक तथागतांशी वाद करावयास आला आणि त्यांचा अनुयायी झाला. तेव्हा तथागतांनी त्यास सांगितले की, निगंठांस तुझ्या घरून जे दान दीर्घकाळ मिळत आले आहे ते चालू ठेवण्याचा विचार कर. पुढे उपालीने आपल्या घराचे दार निगंठांसाठी बंद केले. परंतु भिक्षा हवी असेल तर ती दाराशी आणून दिली जाईल, अशी द्वारपालास आज्ञा दिली. आपल्या बैठकीत कोणास बसवावे हे त्याने ठरविले. ज्या अन्नासाठी लोक दाराशी येत ते अन्न मात्र त्याने अडविले नाही.

घर आणि दान यांतील हा भेद आजच्या कायद्यासही उपयोगी आहे. कोणाशी मैत्री करावी, कोणाशी विवाह करावा, घरात कोणास जेवावयास बोलवावे, या गोष्टी व्यक्तीच्या आहेत. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा जातिनाशाचा खरा उपाय सांगितला, पण त्याची सक्ती करणारा कायदा मागितला नाही. तेथे काम धम्माचे आहे. परंतु भाड्याचे घर, नोकरी, शाळा, दुकान, दवाखाना यांच्या दाराशी माणूस गरजेने येतो. तेथे कायद्याने उभे राहिलेच पाहिजे.

विहाराच्या विश्वस्त मंडळावर दीक्षा घेतलेल्यांनीच असावे, हे धार्मिक प्रयोजनाशी सुसंगत आहे आणि कलम २६ त्यास संरक्षण देते. मागासवर्गीयांच्या गृहनिर्माण संस्थांची गोष्टही निराळी आहे. ज्यांस इतरत्र दार बंद होते त्यांस छप्पर मिळावे म्हणून ती योजना आली. परंतु आपल्याच वस्तीत एखादी खोली मुसलमानास, भटक्या समाजाच्या कुटुंबास वा पोटजात वेगळी म्हणून आपल्याच माणसास नाकारली जात असेल, तर वर ज्याची समीक्षा केली तो उपविधी आपण मनात लिहून ठेवला आहे असे म्हणावे लागेल.

आणि आपल्याही सदसद्विवेकास संरक्षण हवेच. कचेरीतील पूजेत सहभागी होण्यास नकार देणाऱ्या बौद्ध कर्मचाऱ्यावर रोष ओढवता कामा नये. केरळमधील शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणारी यहोवाचे साक्षीदार या पंथातील मुले शाळेतून काढली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांचा प्रवेश परत मिळवून दिला. त्या मुलांनी कोणाची वाट अडविली नव्हती. ती स्वतः गप्प राहिली होती. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य ते हेच.

कायद्याची उणीव

न्यायालयाने २००५ साली चेंडू विधिमंडळाकडे टोलविला. त्यानंतर दोन दशके उलटून गेली. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा घर, वस्तू व सेवा अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणे हा गुन्हा मानतो. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेच्याच कारणाने घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी महत्त्वाची तरतूद त्याच्या बाराव्या कलमात आहे. मनातील हेतू सिद्ध करण्याचे ओझे पीडितावरून काढणारी ही तरतूद आपल्या कार्यकर्त्यांनी अधिक वापरात आणली पाहिजे. मात्र हा कायदा अस्पृश्यतेपुरता आहे. धर्म, लिंग वा आहाराच्या आडून होणारा भेदभाव त्याच्या कक्षेबाहेर राहतो. सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोगाची शिफारस केली. २००८ साली तज्ज्ञ गटाने त्याचा आराखडाही दिला. खासदार शशी थरूर यांचे २०१६ चे भेदभावविरोधी खाजगी विधेयक मंजूर न होता व्यपगत झाले. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, हे पाऊल स्वागतार्ह. पण भाड्याच्या घराचा प्रश्न त्याने सुटत नाही.

परदेशी गेलेल्या आपल्या बांधवांसमोरही हाच प्रश्न उभा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल हे जातिभेदास कायद्याने मनाई करणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच आशयाचे विधेयक नकाराधिकार वापरून परत केले. ब्रिटनच्या संसदेने २०१३ साली जातीचा समावेश समानता कायद्यात करण्याचे बंधन शासनावर घातले. शासनाने २०१८ साली ते करणार नसल्याचे जाहीर केले. दोन्ही देशांत विरोधकांनी अशा कायद्याने एका धर्मसमाजास लक्ष्य केले जाईल असा युक्तिवाद केला. जातीचे दार बंद ठेवण्यासाठी धर्मस्वातंत्र्याचा आधार घेतला जातो, तो असा.

यावर आमची मागणी मर्यादित आहे. घर, नोकरी, शिक्षण व सेवा यांतील खाजगी भेदभावास मनाई करणारा दिवाणी स्वरूपाचा व्यापक कायदा व्हावा. पुराव्याचे ओझे वाटण्याची बाराव्या कलमातील दृष्टी त्यात यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींतील जात व धर्म यांची अट निबंधकाने नोंदू नये. आणि त्याच कायद्यात, स्वतःच्या कृतीपुरत्या सदसद्विवेकास स्पष्ट संरक्षण असावे. कोणी काय करणार नाही हे त्याचे त्याने ठरवावे. कोणास दारातून परत पाठवावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र, त्याने दार लोकांसाठी उघडले त्याच दिवशी, त्याच्या हातून गेला पाहिजे.